गळण्याची भीती, साचण्याचा धोका

डोंबिवलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला पाण्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते: पाणी हा शत्रू. २६ जुलै २००५च्या पुरानंतर कल्याणात वालधुनीच्या काठावरून आणि डोंबिवली पश्चिमेला खाडीकडच्या तळमजल्यांवरून कॅबिनेटं यायची, ती चिखलासकटच. मदरबोर्ड धुवायचे, वाळवायचे, देवाचं नाव घेऊन बटण दाबायचं. काही चालले, बरेच गेले. तेव्हापासून दुकानात नियमच होऊन बसला. ज्याच्या आत पाणी शिरलं, त्याची हमी द्यायची नाही.

म्हणून ठाण्याहून एका मुलाचा फोन आला आणि तो म्हणाला, “काका, माझ्या मशीनमध्ये पाणी आहे,” तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला, “कधी गेलं?”

“गेलं नाही काका. मीच भरून घेतलंय.”

हा मुलगा घोडबंदर रोडला राहतो, लग्नांच्या फिल्म्सचं एडिटिंग करतो. डोंबिवलीतल्या एका स्टुडिओची मशीन दुरुस्तीला माझ्याकडे असतात, त्या स्टुडिओवाल्यांनी त्याला माझा नंबर दिला होता. त्याची तक्रार अशी: रेंडरला लावलं की पंखे ओरडायला लागतात, वेग निम्म्यावर येतो, कधी मशीन आपोआप बंद पडतं. ज्यांनी ते बनवून दिलं होतं, त्यांनी आता अशी कामं बंद केली होती. दुसरीकडे कोणी हात लावायला तयार नव्हतं. कारण सगळ्यांचं तेच, जे माझंही होतं. पाण्याची भीती.

दुरुस्तीत इतकी वर्षं गेली असली तरी या कामात मी नवशिकाच होतो. म्हणून आधी वाचलं, व्हिडिओ पाहिले, पंप आणि ब्लॉक बनवणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रकं चाळली. यंत्रणा तशी साधी आहे. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा ब्लॉक बसवलेला असतो. त्याच्या पोटात केसासारख्या बारीक फटींची जाळी असते. पाणी त्या फटींतून जाताना उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये जातं, तिथले पंखे ती उष्णता खोलीत सोडतात आणि पाणी टाकीत परत येतं. मधे एक छोटा बारा व्होल्टचा पंप. हे सगळं वर्तुळ म्हणजे लूप. हवेच्या जागी पाणी का, याचं उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता खातं, ती तेवढ्याच हवेच्या तीन हजारांहून अधिक पट असते.

मी वहीच्या मागच्या पानावर एक गणित मांडलं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ३०० वॅट उष्णता टाकतात असं धरू. मिनिटाला ती १८,००० ज्यूल होते. एक किलो पाणी एक अंश तापवायला सुमारे ४,१८० ज्यूल लागतात. म्हणजे मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर या दोन्हींवरून जाऊन येईपर्यंत ते जेमतेम चार-सव्वाचार अंशांनी तापतं. या एका आकड्याने माझे बरेच गैरसमज दूर केले. लूपमधलं पाणी सगळीकडे जवळपास सारख्याच तापमानाचं असतं. आधी रेडिएटर की आधी ब्लॉक, या वादात फारसं काही नाही. आणि पाणी काही थंडावा निर्माण करत नाही, ते फक्त उष्णतेची ने-आण करतं. एप्रिलच्या दुपारी खोली चौतीस अंशांवर असेल तर लूपमधलं पाणी तेहतीसवर कधीच येणार नाही. पावसाळ्यात पाइपांना घाम येऊन बोर्डावर थेंब पडतील का, ही शंकाही तिथेच मिटली. घाम यायला पाइप खोलीपेक्षा थंड असावा लागतो, आणि हा नेहमी गरमच असतो.

मुलगा मशीन गाडीत घालून डोंबिवलीला आणायला निघाला होता. मी नको म्हटलं. जड ग्राफिक्स कार्ड, त्यावर जड ब्लॉक, आत पाणी, आणि शिळफाटा रस्त्याचे खड्डे. वाटेत एखादं फिटिंग सैल झालं, तर मूळ बिघाड कोणता आणि प्रवासातला कोणता, हे कळायला मार्ग उरला नसता. अशी मशीन जागेवर जाऊनच बघायची, हे तेव्हाच ठरवलं. २०२४मध्ये मोठागाव-माणकोली पूल सुरू झाल्यापासून दुचाकीवरून ठाणंही जवळ आलंय.

खोलीत गेल्यावर मशीनला हात न लावता आधी फक्त पाहिलं. काचेच्या दारामागे रंगीत दिवे, पारदर्शक नळ्या, त्यांतून दुधाळ निळं पाणी. रेंडर सुरू करायला सांगितलं. काही सेकंदांत प्रोसेसर पंचाण्णव अंशांच्या घरात. मी रेडिएटरला हात लावला, तर तो जेमतेम कोमट. सगळं निदान या दोन गोष्टींत होतं. पाणी तापलेलं असतं तर दोष रेडिएटरचा किंवा पंख्यांचा: धूळ, बंद पंखा, कोंदलेलं कॅबिनेट. इथे पाणी गार होतं आणि प्रोसेसर पेटलेला. म्हणजे उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नव्हती. एक तर ब्लॉकखालची पेस्ट वाळली असणार, नाही तर ब्लॉकमधून पाणी नीट वाहत नसणार. टाकीत पाहिलं, तर परत येणारी धार अगदी मलूल होती.

“गळत तर नाहीये ना, काका?” त्याने विचारलं. बोर्डाखालचा वीज पुरवणारा एसएमपीएस, सगळी फिटिंग्ज, कार्डाची पाठ, सगळीकडे टिश्यू पेपर फिरवला. थेंबसुद्धा नव्हता. त्याला हायसं वाटलं. मला मात्र कळून चुकलं की आपण सगळे चुकीच्या गोष्टीला घाबरतोय.

पाणी काढायचं म्हणजे वीज आधी पूर्ण तोडायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही, केबलच काढून ठेवायची. खाली जुने टॉवेल, सर्वांत खालच्या फिटिंगला नळी, नळीचं तोंड बादलीत, आणि वरचं एक झाकण उघडं, म्हणजे हवा आत येऊन पाणी उतरतं. कोपऱ्यात उरलेलं औषधाच्या दुकानातल्या मोठ्या सिरिंजने ओढून घेतलं. ब्लॉक सोडवला, मागची पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि झाकणाचे स्क्रू काढले. आतल्या बारीक फटी पांढरट, चिकट लगद्याने लिंपलेल्या होत्या. अर्ध्याहून अधिक जाळी बुजलेली.

तो लगदा दोन ठिकाणांहून आलेला असतो. दुधाळ पाण्याला तो रंग येतो तो त्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांमुळे. वेळ गेला की ते कण खाली बसायला लागतात, आणि बसायला सर्वांत अरुंद जागा शोधतात. दुसरं म्हणजे पारदर्शक मऊ पीव्हीसीच्या नळ्या. त्या मऊ राहाव्यात म्हणून घातलेलं रसायन गरम पाण्यात हळूहळू सुटून येतं आणि ब्लॉकमध्ये जाऊन चिकटतं. नळ्या वर्षभरात पिवळट, धुरकट दिसतात त्या याचमुळे. असं पाणी बहुतेक कंपन्या वर्षाच्या आतच बदलायला सांगतात. या मशीनमध्ये ते भरल्यापासून बदललेलंच नव्हतं. बनवणाऱ्याने बहुधा सांगितलं असेल, मुलाने बहुधा ऐकलं नसेल. लग्नसराईत कोण मशीन उघडून बसतो?

ब्लॉक घासायचा कसा, यावर थोडा विचार करावा लागला. आपल्याकडे तांबं-पितळ घासायला चिंच असते, मीठ असतं, आणि ठाण्याचीच असलेली पितांबरी घराघरांत असते. पण हा ब्लॉक तांब्याचा असला तरी त्यावर निकेलचा पातळ मुलामा होता. आंबट पदार्थ किंवा खरखरीत पूड लावली तर मुलामा उडतो, खालचं तांबं उघडं पडतं आणि गंज तिथून सुरू होतो. म्हणून कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रिसल्सचा टूथब्रश, फटींच्याच दिशेने. मन लागणारं काम आहे. रेडिएटर गरम पाणी घालून हलवत राहिलो, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, आणि शेवटचा विसळा डिस्टिल्ड पाण्याचा.

सामान जमवताना मला आपल्या शहरांची नव्याने ओळख झाली. माझ्या दुकानात काम करणाऱ्या मुलाला वाटलं होतं, सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडलाच मिळेल. त्यासाठी ग्रँट रोड स्टेशनला उतरलो, ओ-रिंगा, फिटिंग्ज आणि काळी ईपीडीएम रबराची नळी मिळाली. तिच्यातून चिकट काही सुटत नाही. उरलेलं सगळं मात्र घराजवळ होतं, फक्त कॉम्प्युटरच्या दुकानांत नव्हतं. डिस्टिल्ड पाणी इन्व्हर्टर-बॅटरीवाल्याकडे, बॅटरीचं पाणी म्हणून. पण सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. आमच्या इमारतीत आरओ दुरुस्त करायला येणाऱ्या दादांकडून पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर मागून घेतला. एका बाटलीत आकडा शून्याला टेकला, दुसरीत नाही. दुसरी इन्व्हर्टरला दिली. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते गळलं तरी चालतं असं काही जण सांगतात. त्यावर विसंबू नये. धातूंमधून फिरताना पाणी त्यांचे अंश उचलतं आणि त्याचं शुद्धपण फार दिवस टिकत नाही.

सर्वांत मोठा धडा मिळाला तो कल्याणात, मुरबाड रोडला गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे. मुलाच्या कॅबिनेटमधला एक रेडिएटर तांब्याचा की ॲल्युमिनियमचा, याची मला खात्री नव्हती. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही. या मिस्त्रीमामांनी तो हातात तोलला, फिटिंगच्या आट्यांजवळ चाकूने रंग किंचित खरवडला, आतून तांबूस चमकलं. म्हणाले, “तांबं आहे, ठेवा. ॲल्युमिनियम असतं तर फेकून द्या म्हटलं असतं. तांबं आणि ॲल्युमिनियम एका पाण्यात नांदत नाहीत. भांडतात, आणि ॲल्युमिनियम आधी मरतं.” विद्युत-रासायनिक गंजाचा अख्खा धडा त्यांनी तीन वाक्यांत उरकला. मग मी विचारलं, गाडीचं कूलंट घातलं तर? ते हसले. “गाडीला उकळ्या फुटतात, म्हणून ते. तुमचं हे यंत्र कुठे उकळतंय?” बरोबर होतं. ग्लायकॉल मिसळलं की पाणी दाट होतं, उष्णताही कमी वाहून नेतं, आणि पंपाला विनाकारण ओझं. आम्ही डिस्टिल्ड पाण्यात गंज आणि शेवाळ रोखणारं औषध प्रमाणात घातलं. रंग काही नाही.

रंग नाही म्हटल्यावर मुलगा हिरमुसला. काळ्या रबरी नळ्या पाहून तर जास्तच. “काका, दिसणार कसं ते?” त्याच्या मशीनच्या रील्स बऱ्याच लोकांनी पाहिल्या होत्या. मी त्याला निवड दिली: पारदर्शक नळ्या आणि रंगीत पाणी हवं असेल तर दर सहा महिन्यांनी सगळं उघडायचं, काळ्या नळ्या आणि साधं पाणी असेल तर वर्षातून एकदा. त्याने मे महिन्यातल्या तारखा डोळ्यांसमोर आणल्या आणि काळ्या नळ्या घेतल्या. दिवे मात्र काढू दिले नाहीत. त्याला माझी हरकत नव्हती.

जोडणीत हाताच्या जुन्या सवयी आवराव्या लागतात. प्लंबरला आट्या दिसल्या की तो टेफलॉन टेप गुंडाळतो आणि पान्याने आवळतो. इथे पाणी अडवते ती ओ-रिंग, आट्या फक्त तिला जागेवर धरतात. बोटांनी बसेल तेवढं बसवायचं आणि वर किंचित पीळ. त्याहून जास्त जोर लावला तर ॲक्रिलिकला तडा जातो, आणि गळती तिथूनच होते. प्रोसेसरवर नवी पेस्ट लावून ब्लॉक बसवतानाही स्क्रू एक-एक पुरा न आवळता समोरासमोर थोडे-थोडे.

मग परीक्षा. लूपमध्ये पाणी भरण्याआधी हवा भरायची. दाबाचा काटा असलेला छोटा हातपंप घेऊन अर्ध्या बारपर्यंत हवा भरली आणि काट्याकडे बघत चहा घेतला. काटा हलला नाही म्हणजे फट नाही. त्यानंतर पाणी, तेही बोर्डाला वीज न देता, फक्त पंपाला. एसएमपीएसच्या चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार आणि कुठलीही काळी तार जोडली की तो बोर्डाशिवाय सुरू होतो. हल्लीच्या एसएमपीएसमध्ये सगळ्याच तारा काळ्या असतात, तिथे पिना मोजाव्या लागतात किंवा तयार जंपर वापरावा लागतो. पंप कोरडा फिरवायचा नाही, त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. म्हणून टाकी भरायची, क्षणभर पंप चालवायचा, पाणी खाली गेलं की थांबायचं, पुन्हा भरायचं. मग कॅबिनेट हळूच या अंगावर, त्या अंगावर कलवायचं, म्हणजे रेडिएटरमध्ये अडकलेले बुडबुडे टाकीत येतात. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू ठेवून पंप रात्रभर चालू ठेवला. सकाळी टिश्यू कोरडे होते.

बोर्ड सुरू केल्यावर तेच रेंडर लावलं. प्रोसेसर सत्तरीच्या आसपास स्थिरावला आणि पंख्यांचा आवाज जाणवेनासा झाला.

एक प्रश्न मुलाच्या वडिलांनी विचारला होता, आणि तो रास्त होता. “वीज गेली तर काय?” १२ ऑक्टोबर २०२० त्यांच्या लक्षात होता. पडघा-कळव्याच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई-ठाणं भर कामाच्या दिवशी ठप्प झालं, ते लॉकडाऊनमधले दिवस. पण वीज जाण्याने लूपचं काही बिघडत नाही. पंप थांबतो, तशी उष्णताही थांबते. वाईट तेव्हा, जेव्हा मशीन चालू राहतं आणि पंप तेवढा थांबतो. त्यासाठी पंपाची वेग सांगणारी तार बोर्डाच्या सीपीयू फॅनच्या जागी जोडली आणि बायोसमध्ये सूचना चालू केली. पंप थांबला तर बोर्ड ओरडतो. तरीही कोणी लक्ष दिलं नाही, तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला आधी वेग उतरवतो, मग बंद होतो.

हे सगळं छंदिष्टांचं खूळ आहे असं मलाही आधी वाटायचं. पण मोठ्या यंत्रांत पाणी जुनंच आहे. आयबीएमची मोठी मशीन १९६०च्या दशकापासून पाण्यावर थंड होत. क्रे-२ हा महासंगणक १९८५मध्ये आला, त्याची सर्किट्स चक्क एका निष्क्रिय द्रवात बुडवलेली असत. आपल्याकडे पुण्यात आयसरमध्ये २०१९मध्ये बसवलेल्या परम ब्रह्म महासंगणकात द्रव थेट प्रोसेसरवरच्या प्लेटपर्यंत नेलेला आहे. आता एआयसाठी २०२४मध्ये जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या जीबी२०० एनव्हीएल७२सारख्या रॅक तर पाण्याशिवाय चालतच नाहीत. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिली आहेत, आणि आमच्याकडची कितीतरी मुलं रोज ठाण्याला गाडी बदलून तिकडे कामाला जातात. ओ-रिंग, पंप, गंज, दाबाची चाचणी यांची माहिती असणारा हात तिथे लागणार आहे. ही विद्या आजवर आरओवाले दादा आणि रेडिएटरवाले मामा यांच्याकडे होती, कॉम्प्युटरवाल्यांकडे नव्हती.

या कामाने माझा धंद्याकडे बघण्याचा डोळाही बदलला. आमचा सगळा व्यवहार बिघाडावर चालतो. बिघडलं की या, सुधारलं की पैसे. कोणी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, घेतलाच तर वर्षअखेरीस ऐकवतात, “काहीच बिघडलं नाही, मग पैसे कशाचे?” हवेवरच्या मशीनमध्ये ते खपून जायचं, कारण धुळीचा थर दिसतो आणि पंखा बिघडला की आवाज करतो. लूप गुपचूप बुजत जातो. गळाला तर निदान दिसतो तरी, साचताना कळतसुद्धा नाही. सोसायटीची पाण्याची टाकी साफ केल्यावर तिच्यावर तारीख रंगवतात आणि पुढच्या सफाईचीही, तसं स्टिकर मी आता मशीनच्या मागे लावतो. आत कोणतं पाणी, कधी भरलं, पुढचं कधी. नंतर ते साध्या मशीनना, सर्व्हरना, यूपीएसच्या बॅटऱ्यांनाही लावायला लागलो. आणि बिलात देखभालीची ओळ दुरुस्तीपासून वेगळी काढली. काही गिऱ्हाइकांनी ती खोडायला सांगितली. काहींनी पुढच्या तारखेला स्वतःहून फोन केला. दुसऱ्या प्रकारचे कमी आहेत, पण वाढतायत.

आता कोणी येऊन म्हणतं, “मशीन वॉटर कूल्ड करून द्या,” तर मी आधी किंमत सांगत नाही. विचारतो, वर्षातला एक दिवस या मशीनला द्याल का, त्या दिवशी काम बंद ठेवून? जो हो म्हणतो त्याला करून देतो. जो म्हणतो, “नंतर बघू,” त्याला दोन पंख्यांचा चांगला एअर कूलर सुचवतो. तो स्वस्त असतो, बहुतेक प्रोसेसरना पुरतो, आणि त्याच्यात फार तर पंखा जातो. पाण्याचं मशीन ज्याला हवंय त्याने आधी तारखा पाळायला शिकावं, बाकी सगळं एखाद्या रविवारी शिकता येतं.